मानसशास्त्राकडे विद्यार्थी का वळतात?

मानसशास्त्र का निवडले, असे कला शाखेच्या विद्यार्थ्याला विचारले की ‘माणसाच्या मनात काय चालते, हे जाणून घ्यायचे आहे’ असे उत्तर बहुधा मिळते. उत्तर खोटे नसते, अपुरे असते. या निवडीमागे पुष्कळदा घरातलीच एखादी गोष्ट असते. आईचे नैराश्य, भावाचे व्यसन, स्वत:ची परीक्षेची धास्ती. ज्याविषयी घरात कधी कोणी बोलले नाही, ते निदान समजावे, अशी ती ओढ असते. ती गैर नाही. मात्र स्वत:च्या दुखण्यावर उपाय हवा असेल, तर समुपदेशकाकडे जावे. पदवीचा वर्ग ही त्याची जागा नव्हे.

दुसरे कारण बदललेल्या वातावरणाचे. ‘ठाण्याला पाठवायला हवे’ ही मनोरुग्णालयावरून होणारी थट्टा एके काळी घरोघरी ऐकू येई. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. २००४ मधील ‘देवराई’ने स्किझोफ्रेनिया मराठी प्रेक्षकांपुढे आणला. मनाचे काम प्रतिष्ठेचे वाटू लागले, ते अशा प्रयत्नांमुळे. गरजही मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होता आणि उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्के होते.

गणित टाळण्यासाठी येणारेही असतात. त्यांची गाठ लवकरच संख्याशास्त्राशी पडते!

खरी फसगत होते ती पदवीच्या अर्थाबाबत. एम.ए. झाले की ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून पाटी लावता येते, हा समज चुकीचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण लागते. औषधे लिहून देणे हे तर मनोविकारतज्ज्ञाचे, म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉक्टरांचे काम. आतापर्यंतचा रूढ मार्ग एम.ए.नंतर दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा होता. त्यात रुग्णांसोबत देखरेखीखाली काम करावे लागते, आणि जागा मोजक्या असल्याने चुरसही तीव्र असते. एम.फिल. पदवी बंद करण्याच्या निर्णयानंतरही विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयापुरती २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांना मुभा दिली. रचना बदलत असल्याने चार वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या ताईचा सल्ला आज जसाच्या तसा लागू पडेल, असे नाही.

शाळा, उद्योग, क्रीडा या क्षेत्रांतही मानसशास्त्राच्या पदवीधरांना वाव आहे. तेथे हा परवाना लागत नाही. ज्यांना रुग्णांसोबतच काम करायचे आहे, त्यांनी संबंधित अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वीच पडताळून पाहावे.