लिस्बनच्या बंदरात उशिरा पोहोचलेला प्रवासी



जुन्या गोव्याच्या फेस्ताला जाण्याची तयारी आपल्याकडे बेळगावात सुरू झाली आहे. यादी करण्याचे काम याही वर्षी माझ्याकडेच आहे. चोर्ला घाटात कोणाला बस लागते, मधुमेहाच्या गोळ्या कोणाच्या पिशवीत ठेवायच्या, पाण्याचे कॅन किती घ्यायचे, हे सगळे लिहिता लिहिता वहीची दोन पाने भरली. प्रवास जेमतेम चार तासांचा! काल रात्री वही मिटताना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण झाली. ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते गोव्यापर्यंत आले कसे, हे आपल्यात फारसे कोणी सांगत नाही.

स्टीफन्स इंग्लंडचे. जन्म १५४९ च्या सुमाराचा. राणी एलिझाबेथच्या त्या काळात तेथे कॅथलिक म्हणून उघडपणे जगणे कठीण होते. ते आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड या दोघांनी मिळून बेत केला, की देश सोडून रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश घ्यायचा. निघण्याआधीच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये संघात दाखल झाले. पाउंड यांची पुढची सुमारे तीस वर्षे बहुतेक तुरुंगातच गेली.

बेत दोघांचा आणि निघाला एकच. पण स्टीफन्स मित्राला विसरले नाहीत. तुरुंगातल्या पाउंड यांना संघात घ्यावे म्हणून त्यांनी रोमला वरिष्ठांकडे रदबदली केली आणि १५७८ मध्ये तशी मान्यता मिळवली. पाउंड कोठडीत बसल्या बसल्या येशूसंघीय झाले. हे झाल्यावर काही महिन्यांतच स्टीफन्स हिंदुस्थानच्या वाटेला लागले.

आता गंमत पाहा. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेला हा माणूस लिस्बनला उशिरा पोहोचला! पोर्तुगीज जहाजे मार्च-एप्रिलमध्येच सुटत, कारण हिंदी महासागरातले मोसमी वारे कोणासाठी थांबत नसत. स्टीफन्स मार्चअखेरीस बंदरावर आले, तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या माणसांची नेमणूकही झाली होती. काही महत्त्वाच्या कामासाठी जहाजे अडकून पडली होती, म्हणूनच त्यांना जागा मिळाली. ४ एप्रिल १५७९ रोजी तुतारी आणि तोफांच्या आवाजात पाच जहाजे गोव्याकडे निघाली. खलाशी आणि सैनिकांबरोबर पुष्कळ मुले आणि काही स्त्रियाही होत्या. मुलांना समुद्र मोठ्या माणसांपेक्षा चांगला सोसतो, असे स्टीफन्स यांनी नोंदवले आहे. आपल्या बसमध्येही उलटीच्या पिशव्या मोठ्यांनाच जास्त लागतात.

हे सगळे कळते ते त्यांनी गोव्यात पोहोचल्यावर, १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रातून. वडील लंडनचे व्यापारी. पत्राच्या आरंभीच मुलगा त्यांचा आशीर्वाद मागतो. मग प्रवास सांगतो. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वारा पडला की जहाजे दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे जागची हलत नसत. तिथले पावसाचे पाणी थोडे साठले तरी त्यात किडे होत आणि टांगलेल्या मांसावर पडले तर मांसही किडे. जुलैअखेरीस आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडताना सुकाणूवाल्याची चूक झाली आणि जहाज किनाऱ्याच्या फार जवळ गेले. खाली टोकदार खडक, आणि वारा जमिनीकडे ढकलणारा. देवावरचा भरवसा आणि शुद्ध विवेकबुद्धी यांखेरीज आम्हाला दुसरा आधार नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. मग वारा थोडा फिरला.

पुढे दोन वाटा होत्या. वेळेत पोहोचले तर मादागास्करच्या आतल्या बाजूने मोझांबिकला थांबून ताजे अन्नपाणी घेता येई. उशीर झाला तर बेटाच्या बाहेरून, कुठेही न थांबता जावे लागे. स्टीफन्स यांच्या वाट्याला बाहेरची वाट आली. ताज्या फळभाज्या नसल्या की हिरड्या सुजतात, पाय सुजतात, हातपाय हलत नाहीत. हा स्कर्व्हीचा रोग. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि २७ मेली. पूर्वीच्या सफरींच्या मानाने हे नुकसान जहाजावर थोडेच मानले गेले! २७ घरांत ते थोडे खचितच नव्हते.

भारत जवळ आला असे वाटत असताना प्रवाहांनी त्यांना तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, सोकोत्रा बेटाजवळ नेले होते. शेवटी पक्षी दिसले, माडाच्या फांद्या तरंगताना दिसल्या, पाण्यात साप दिसले. २४ ऑक्टोबरला गोवा आले. सहा महिने आणि वीस दिवस लागले.

ते पुन्हा इंग्लंडला गेले नाहीत. सुमारे चाळीस वर्षे इथेच, बहुतेक साष्टीत राहिले, आणि १६१९ मध्ये इथेच वारले. लिस्बनच्या बंदरात त्यांच्याजवळ आपली भाषा नव्हती. ती शिदोरी इथे येऊनच बांधावी लागली. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्या ओव्या १६१६ मध्ये राचोलला छापल्या गेल्या, तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते. कोकणीचे व्याकरण छापलेले पाहायला तर ते राहिलेच नाहीत. ते १६४० मध्ये निघाले.

हे वाचल्यापासून मला वडिलांच्या हातात पोहोचलेल्या पत्राइतकाच तुरुंगातला पाउंड आठवतो. आपल्या यादीत यंदा तीन नावे खोडावी लागली. एकाचे गुडघे, एकीचे डायलिसिस, आणि एका आजींना आता घरातलेच ओळखू येत नाहीत. आजी गेली वीस वर्षे खिडकीजवळची जागा धरून बसत. म्हणून वहीत तिसरे पान सुरू केले आहे: जे येणार नाहीत त्यांची नावे. प्रत्येकाच्या नावाची मेणबत्ती कोणी लावायची, तेही समोर लिहायचे आहे.

ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी रविवारी मिस्सानंतर मला भेटावे. बस चर्चच्या फाटकातून पहाटे पाचला सुटेल. कृपया पावणेपाचला या. लिस्बनची जहाजे थांबली होती, आपला ड्रायव्हर थांबणारा नाही.