रणगाड्यांचे तोफ-स्थिरक, रशियन
धावत्या रणगाड्याच्या हादऱ्यांतही तोफ लक्ष्यावर रोखून धरणारी यंत्रणा. जायरोस्कोप तोफेचे विचलन टिपतो आणि चालक यंत्रणा ते भरून काढते. सोव्हिएत संघात १९५० च्या दशकात टी-५४ए वर ‘गोरिझोंट’ हा स्थिरक आला. तो केवळ उभ्या प्रतलात काम करी. टी-५४बी व टी-५५ वरील ‘त्सिक्लोन’ने टरेटचे (तोफेच्या फिरत्या बुरुजाचे) आडवे वळणेही सावरले. तरी तोफच्याची दुर्बीण तोफेलाच जखडलेली असल्याने धावता नेम बेताचाच राहिला. खरी प्रगती झाली ती दुर्बिणीचे दर्शनक्षेत्र स्वतंत्रपणे स्थिर केल्यावर. टी-६४ व टी-७२ मध्ये स्वयंचलित भरणीसाठी तोफ ठरावीक कोनात उचलली जाते, पण दुर्बीण स्वतंत्रपणे स्थिर असल्याने तेवढ्या वेळात लक्ष्य नजरेआड होत नाही. टी-७२बी वरील ‘झास्मिन’मध्ये टरेट विजेवर फिरे, तोफ मात्र द्रवदाबावरच उचलली जाई. ज्वलनशील तेल असलेल्या नळ्या लढाऊ कक्षात असणे ही या रचनेची मोठी उणीव. पुढील २ई५८ स्थिरकात तोफ उचलण्याचे कामही विद्युत-यांत्रिक चालकाकडे गेले. टी-५५, टी-७२ व टी-९० हे तिन्ही रणगाडे भारतीय सेनेने वापरले असून टी-९० ‘भीष्म’ चेन्नईजवळील आवडी येथे तयार होतो.