फ्लोरियनच्या खुर्च्या आणि लोणावळ्याची चिक्की

पाहुण्यांना घेऊन चिक्की आणावयास गेले म्हणजे एक गोष्ट दर वेळी ध्यानी येते. दुकान कितीही जुने व नामांकित असो, बसावयास तेथे बहुधा जागा नसते. उभ्याने तुकडा चाखावा, पुडे बांधून घ्यावेत आणि मागच्या गिऱ्हाइकास वाट द्यावी. इटलीतील एका जुन्या कॉफीगृहाची हकीकत वाचली, तेव्हा आपल्या दुकानांची ही रीत अशी का पडली याचा उलगडा झाला.

व्हेनिस शहरातील सान मार्को चौकात फ्लोरियानो फ्रान्चेस्कोनी नावाच्या गृहस्थाने २९ डिसेंबर १७२० रोजी कॉफीगृह उघडले. पाटीवर नाव घातले ‘विजयी व्हेनिस’. पण लोकांच्या तोंडी मालकाचेच नाव बसले आणि दुकान ‘फ्लोरियन’ झाले. पाटी वाचतो कोण! कॉफी, सोबत गोडधोड आणि घटकाभर गप्पा, हा तेथील धंदा. आपणा भगिनींच्या दृष्टीने विशेष हे, की त्या काळी शहरातील इतर कॉफीगृहांत बायकांना मज्जाव असताना फ्लोरियनमध्ये त्यांना प्रवेश असे. आपल्याकडे पुढे इराण्यांच्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ निघाली, पण तिला आडोसा असे. चारचौघांत खुर्चीवर बसून कॉफी पिणे ही निराळीच गोष्ट.

फ्लोरियनची आज दिसणारी चित्रे-आरशांची दालने १८५८ साली लोदोविको कादोरिन याने सजविली. त्याच वर्षी, १४ जून रोजी, खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत मात्र पालखी नाहीतर तट्टू. मधला बोरघाट फोडणे चालू होते: सुमारे १८३० फुटांचा चढ आणि २५ बोगदे! १८६१ च्या सुमारास ४२ हजारांवर माणसे कामावर होती. पाट्या वाहणाऱ्यांत बायका होत्या, मुलेही होती. पटकी-तापाने किती दगावली याला सुमार नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. इंजिनियर हाताशी धरून तिने ते चालविले, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. तिचे नाव निदान पुस्तकांत आहे. पाटीवाल्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

रेल्वेच्या कामावरील या मजुरांना गूळदाणी विकण्यापासूनच चिक्कीचा धंदा उभा राहिला, असे मगनलाल यांच्या दुकानासंबंधी सांगतात. मला हे पटते. गूळ-शेंगदाणे पोटाला आधार देतात, पदरात बांधून नेता येतात आणि दुसऱ्या दिवशी विटत नाहीत. पुढे गाड्या सुरू झाल्या. घाट चढताना मागून लावलेली इंजिने लोणावळ्यास सोडीत. तेवढा वेळ गाडी थांबे. खिडकीतून हातात देता येईल, सांडणार नाही, घरी मुलांपर्यंत टिकेल असाच जिन्नस तेथे खपणार. व्हेनिसचे गिऱ्हाईक बसावयास येई, आपले गिऱ्हाईक गाडी सुटेल म्हणून धास्तावलेले. खुर्ची कोणासाठी मांडावी?

बाकी पदार्थ म्हणाल तर दूरचा नाही. इटलीत साखरेच्या पाकात बदाम घोळून ‘क्रोकान्ते’ करतात. ती चिक्कीची सख्खी बहीणच. आपल्याकडे गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो टणटणीत वाजतो का ते पाहावयाचे, भाजून सोललेले दाणे घालून तुपाच्या हाताने भराभर लाटावयाचे आणि गरम असतानाच सुरी फिरवावयाची. जरा उशीर झाला की वड्यांऐवजी चुरा. संक्रांतीला हे कोणत्या घरात होत नाही? पण आपल्या मावळातल्या पावसात उघडी राहिलेली चिक्की तासाभरात चिकटते, म्हणून दुकानदाराचे निम्मे कसब बांधणीत.

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. आता मोटारी दुकानाच्या दारात थांबतात, गाडी सुटण्याची घाई उरलेली नाही. तरी खुर्ची काही आली नाही. बरोबरच्या वयस्कर बायका मोटारीतच बसून राहतात आणि काच खाली करून सांगतात, “अगं, तिळाचीही घे पावशेर!”