रँग्लरांचे विद्यापीठ आणि न्यूनमचे फाटक

मराठीत 'रँग्लर' हा शब्द आडनावाच्या आधी लागतो. डॉक्टर, प्राचार्य, न्यायमूर्ती यांच्या पंगतीत तो केव्हाच जाऊन बसला. 'रँग्लर परांजपे' किंवा 'रँग्लर महाजनी' म्हटले की पुढे ओळख करून देण्याची गरज उरत नाही. खुद्द केंब्रिजमध्ये मात्र ही पदवी नव्हे. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत प्रथम वर्गात आलेल्यांना तेथे रँग्लर म्हणतात, इतकेच. मूळ शब्दाचा अर्थ 'वाद घालणारा'. ही परीक्षा एके काळी लॅटिनमधून, तोंडी वादविवादाने होत असे. आपल्याकडच्या शास्त्रार्थाशी तिचे नाते जोडायला हरकत नाही. १९०९ पर्यंत रँग्लरांची यादी गुणानुक्रमे लागे आणि तीत पहिला येणारा तो 'सीनियर रँग्लर'. १८९९ साली हा मान सेंट जॉन्स कॉलेजच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांना मिळाला. जॉर्ज बर्टविसल नावाचा दुसरा एक विद्यार्थी त्यांच्या बरोबरीने होता. सीनियर रँग्लर होणारे परांजपे हे पहिले भारतीय.

दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा, फर्ग्युसन कॉलेज, सरकारी शिष्यवृत्ती, केंब्रिज आणि पुन्हा फर्ग्युसन ही कथा आपल्याकडे पुष्कळदा सांगितली गेली आहे. प्रस्तुत लेखात मला तिच्या भोवतालचे काही पाहायचे आहे. या विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तीर्ण होणे आणि या विद्यापीठाचे होणे, या तेथे दीर्घकाळ दोन वेगळ्या गोष्टी होत्या. परांजप्यांच्याच घरात एका पिढीच्या अंतराने त्या वेगळ्या पडलेल्या दिसतात.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हा भेद चटकन उमगत नाही, कारण आपली घडण निराळी. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि गावोगावच्या संलग्न महाविद्यालयांनी शिकवायचे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे कॉलेज ही संलग्न शाखा नसते. ती स्वतःची मालमत्ता, स्वतःची घटना आणि स्वतःचे 'फेलो' असलेली स्वायत्त संस्था असते. विद्यार्थी अर्ज करतो, मुलाखत देतो, राहतो, जेवतो तो कॉलेजात. आठवड्याला एकदोघांना समोर बसवून शिकवणे हेही कॉलेजचेच काम. व्याख्याने, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. पदवीसाठी नुसती परीक्षा पुरत नसे. ठरावीक संख्येने सत्रे तेथे वास्तव्य करून पुरी करावी लागत. आपण 'टर्म भरली' म्हणतो त्या वाक्प्रचाराचा तेथला अर्थ असा अक्षरशः राहण्याचा आहे. थोडक्यात, आधी कॉलेजने घरात घ्यायचे, मग विद्यापीठाने नाव पटावर चढवायचे, मग परीक्षा आणि सरतेशेवटी पदवी. यांतल्या कोणत्याही पायरीवर अडवण्याची सोय होती आणि ती सोय शतकानुशतके वापरली गेली.

सर्वांत जुनी अडवणूक धर्माची. पदवी घेताना इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चवरील निष्ठा जाहीर करावी लागे. मदुराईत जन्मलेले तर्कशास्त्रज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन १८२७ चे चौथे रँग्लर. त्यांनी अशी प्रतिज्ञा नाकारली आणि एम.ए. व फेलोशिप यांवर पाणी सोडले. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर १८३७ मध्ये दुसरे आले. ते ज्यू होते. त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली १८७२ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी ती डब्लिनहून घेतली होती. १८६९ मध्ये न्यूमा हार्टॉग हा ज्यू विद्यार्थी सीनियर रँग्लर झाला. एव्हाना पदवीची अट सैल झाली होती, पण फेलोशिपची नव्हती. पहिला आलेला विद्यार्थी फेलो होऊ शकत नाही, ही विसंगती पार्लमेंटपुढे गेली. हार्टॉगने स्वतः साक्ष दिली. १८७१ च्या कायद्याने धर्माची अट उठली आणि त्याच वर्षी हार्टॉग देवीच्या रोगाने वारला.

परांजपे १९०१ मध्ये सेंट जॉन्सचे फेलो झाले, ते या कायद्याच्या वाटेने. सेंट जॉन्स हेच सिल्व्हेस्टरचे कॉलेज. परांजप्यांच्या बुद्धीचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु तीच बुद्धी पन्नास वर्षे आधी केंब्रिजला पोहोचती, तर यादीत नाव आले असते आणि तेथेच थांबले असते.

पैशाची अडवणूकही होतीच. कॉलेजचा खर्च न पेलणाऱ्यांसाठी १८६९ पासून केंब्रिजने कॉलेजबाहेर राहून शिकण्याची सोय केली. तिच्यातून पुढे फिट्झविल्यम ही संस्था उभी राहिली. तिला कॉलेजचा दर्जा १९६६ मध्ये मिळाला. सुभाषचंद्र बोस तेथलेच. विष्णु वासुदेव नारळीकर आणि त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर हेही तेथलेच. 'चार नगरांतले माझे विश्व' या जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्रात केंब्रिज हे चारांपैकी एक नगर आहे. खासगी शिकवण्यांचा रोग फक्त आपल्याकडे आहे असे समजणाऱ्यांसाठी जाता जाता एक तपशील: एकोणिसाव्या शतकातला ट्रायपॉसचा अभ्यास मुख्यतः पैसे मोजून, खासगी शिक्षकाकडे होत असे, आणि एडवर्ड राउथ या एकाच शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर निघाले.

धर्माची अट गेली, पैशावर तोड निघाली. स्त्रियांच्या बाबतीत मात्र विद्यापीठाने एक चमत्कारिक व्यवस्था बसवली. गर्टन कॉलेज १८६९ मध्ये आणि न्यूनम १८७१ मध्ये सुरू झाले. (न्यूनम या नावात मराठी कानाला 'न्यून' ऐकू येते, हा निव्वळ योगायोग.) १८८० मध्ये गर्टनच्या शार्लट स्कॉट यांची गुणसंख्या आठव्या रँग्लरच्या बरोबरीची भरली. पुढल्याच वर्षी स्त्रियांना ट्रायपॉस देण्याचा रीतसर हक्क मिळाला. पदवी नाही, सभासदत्व नाही. व्याख्यानाला बसायचे तेही व्याख्यात्याच्या मर्जीने. पुरुषांची यादी वाचून झाल्यावर स्त्रियांची यादी वेगळी वाचत, आणि प्रत्येकीचे स्थान पुरुषांच्या यादीच्या संदर्भात सांगत: अमक्या आणि तमक्याच्या मध्ये, अमक्याच्या बरोबरीने.

१८९० च्या जून महिन्यात सेनेट हाउसमध्ये न्यूनमच्या फिलिपा फॉसेट यांचे नाव पुकारले गेले ते 'सीनियर रँग्लरच्या वर' असे. दुसऱ्या क्रमांकापेक्षा त्यांचे गुण तेरा टक्क्यांनी अधिक होते. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर पार्लमेंटात इतक्या चिकाटीने बोलणारे की 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणून ओळखले गेलेले हेन्री फॉसेट, त्यांची ही मुलगी. भाषेच्या अभ्यासकांनी ही शब्दरचना थांबून पाहावी. सीनियर रँग्लर म्हणजे यादीतला पहिला. पहिल्याच्या वर कोणी असू शकत नाही. पण ही विद्यार्थिनी यादीतच नव्हती. सभासद नसलेल्या व्यक्तीचे स्थान सांगण्यासाठी 'वर' हे एक शब्दयोगी अव्यय तेवढे उरले होते. सीनियर रँग्लर ही उपाधी त्या वर्षी सेंट जॉन्सच्या एका विद्यार्थ्याकडे गेली, आणि पदवी मिळाली नाही ती फिलिपा यांना.

१८९७ च्या मे महिन्यात स्त्रियांना निदान पदवीचे नाव तरी द्यावे या ठरावावर मतदान झाले. मताधिकार केंब्रिजच्या एम.ए. झालेल्यांना, ते बाहेरगावांहून आगगाड्या भरून आले. सेनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा टांगला होता. सुमारे साडेसहाशे मते बाजूने आणि सतराशेहून अधिक विरुद्ध पडली. विजयी विद्यार्थ्यांनी पुतळा फाडून त्याचे तुकडे न्यूनमच्या फाटकातून आत कोंबले. परांजपे त्या वर्षी सेंट जॉन्समध्ये शिकत होते.

आपल्याकडे काय चालले होते? मुंबई विद्यापीठाने १८८० च्या दशकातच स्त्रियांना पदवी दिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झालेल्या, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या त्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून नाकारली गेल्यावर त्या हितचिंतकांच्या वर्गणीवर १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या समरव्हिलला गेल्या आणि १८९२ मध्ये खास परवानगीने कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ साली. मुंबईत आणि पुण्यात जे रीतसर मिळाले, त्यासाठी ऑक्सफर्डला तीस वर्षे लागली. वसाहतीतले विद्यापीठ मागासलेले आणि मायदेशातले पुढारलेले, हे समीकरण निदान या एका बाबतीत उलटे लिहावे लागते.

ऑक्सफर्डने १९२० मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. केंब्रिजने १९२१ च्या मतदानात पुन्हा नकार दिला आणि सभासदत्वाविना नाममात्र पदवीवर बोळवण केली. त्या संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या जमावाने हातगाडी आदळून न्यूनमच्या काशाच्या फाटकाची मोडतोड केली. ते फाटक कॉलेजच्या पहिल्या प्राचार्या अ‍ॅन क्लफ यांच्या स्मरणार्थ उभारलेले होते.

त्याच दशकात परांजप्यांची मुलगी शकुंतला गणिताच्या ट्रायपॉससाठी न्यूनमला गेली. आपल्या वाचकांना शकुंतलाबाई 'कुंकू' मधल्या भूमिकेमुळे आणि संततिनियमनाच्या कार्यामुळे ठाऊक आहेत. त्यांच्या केंब्रिजविषयी फारसे बोलले जात नाही. वडिलांनी दिली तीच परीक्षा त्यांच्याही पुढ्यात होती. पण वडील जेथे फेलो होते त्या कॉलेजात मुलीला अर्ज करण्याची सोय नव्हती. सेंट जॉन्सने पदवीच्या वर्गात स्त्रिया घेतल्या त्या १९८२ पासून. वडील सभासद होते, म्हणून त्यांना पदवीही होती आणि मतही होते. मुलीला सभासद होता येत नव्हते. व्हर्जिनिया वुल्फ यांची न्यूनम आणि गर्टनमधली व्याख्याने १९२८ ची, म्हणजे त्याच सुमाराची. त्यांतून आकाराला आलेले 'अ रूम ऑफ वन्स ओन' आपण एम.ए.च्या वर्गात स्त्रीवादाचा पाया म्हणून शिकवतो. त्यातली हिरवळीवरून हाकलली जाणारी, ग्रंथालयाच्या दारात अडवली जाणारी निवेदिका कल्पित आहे. पण वुल्फबाईंच्या समोर जो श्रोतृवर्ग बसला होता, तो त्या विद्यापीठाचा सभासद नव्हता ही वस्तुस्थिती होती, आणि ती टिपेत तरी सांगितली पाहिजे.

केंब्रिजने स्त्रियांना सभासद करण्याचा ठराव केला तो १९४७ च्या डिसेंबरात. तोवर हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता. पहिली पदवी १९४८ च्या ऑक्टोबरात दिली गेली, तीही सन्मान्य, आणि इंग्लंडच्या राणीला. गर्टन आणि न्यूनमच्या जुन्या विद्यार्थिनींसाठी विद्यापीठाने समारंभ केला १९९८ च्या जुलैत. सुमारे नऊशे वृद्ध स्त्रिया त्या दिवशी सेनेट हाउसपर्यंत मिरवणुकीने गेल्या. शकुंतलाबाई तेव्हा हयात होत्या, वय ब्याण्णव.