तक्रार कोणाकडे करायची?

१९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आरमारात जे घडले त्याला सरकारी दप्तरात 'बंड' म्हटले आहे. ज्यांनी ते केले त्यांनी मात्र आपल्या मंडळाला 'नाविक मध्यवर्ती संप समिती' असे नाव दिले होते. कामगार चळवळीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा फरक नुसत्या शब्दांचा वाटत नाही. बंड म्हटले की शिक्षा किती द्यायची याचा विचार सुरू होतो. संप म्हटले की मागणी काय होती, हे विचारणे भाग पडते. आज आपण तेच विचारू.

कुलाब्यातील 'तलवार' हे नावाने जहाज होते, प्रत्यक्षात ती जमिनीवरची शाळा होती. आरमाराचे बिनतारी संदेशवाहक तेथे तयार होत. ही मुले शिकलेली होती. युद्धकाळातले सांकेतिक निरोप त्यांच्या हातून जात; ते घेणे, पोचवणे आणि त्याबद्दल तोंड बंद ठेवणे हे त्यांचे काम. म्हणजे साम्राज्याने आपली गुपिते त्यांच्या हवाली केली होती. पण त्याच मुलांना जेवण निकृष्ट, पगार गोऱ्या नाविकाहून कमी, आणि वागणूक गड्याची. विश्वास कामापुरता, मान मात्र कातडीच्या रंगाप्रमाणे, असा तो कारभार होता. सरकारच्या गुप्तवार्ता विभागातही वेगळे नव्हते. १८८७ साली त्या खात्याचा पाया घातला गेला, आणि त्याला पहिला भारतीय संचालक, संजीवी पिल्ले, मिळाला तो १९४७ साली. बातमी आणणारे हात काळे चालत. ती वाचून निर्णय करणारी खुर्ची गोऱ्याचीच.

'तलवार'वर बलाईचंद्र दत्त नावाचा एक तरुण संदेशवाहक होता. १९४५ च्या डिसेंबरात आरमार दिनाच्या सुमारास तेथल्या भिंतींवर 'चले जाव' उमटले. पुढे फेब्रुवारीच्या आरंभी सरसेनापती ऑकिनलेक भेटीला येण्याच्या वेळी दत्त पकडले गेले. त्यानंतर काही दिवसांतच कमांडर किंग या मुख्य अधिकाऱ्याने नाविकांना 'कुल्यांची पोरे', 'जंगली' अशा शिव्या दिल्या. चौदा नाविकांनी रीतसर तक्रार लिहून दिली. इकडे लक्ष द्या. त्यांनी दगड उचलला नाही, कागद उचलला. पण शिस्तीच्या नियमाप्रमाणे तो कागद गेला कोणाकडे? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्या किंगकडेच. त्याने उलट ताकीद दिली, की वरिष्ठावर खोटा आरोप करणे हा गंभीर गुन्हा आहे, नीट विचार करा. आरोपीच न्यायाधीश झाला आणि फिर्यादीला पिंजऱ्यात उभे केले. आमच्या वाळूज-चिकलठाण्यातल्या कामगाराला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. मुकादमाविरुद्ध अर्ज दिला की दुसऱ्या दिवशी चार्जशीट अर्जदाराच्याच हाती पडते.

१८ फेब्रुवारीला 'तलवार'च्या नाविकांनी जेवण नाकारले. दुसऱ्या दिवशी संप समिती झाली, अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. त्या दिवसांत देशात जातीय तेढ वाढत होती, तेव्हा ही दोन नावे शेजारी होती. संदेश पाठवण्याची विद्या त्यांच्याच हाती असल्याने बातमी कराचीपर्यंत गेली. पाहता पाहता ७८ जहाजे, २० किनाऱ्यावरची ठाणी आणि सुमारे २०,००० नाविक संपात आले. किंगवर कारवाई, चांगले अन्न, गोऱ्यांइतका पगार या मागण्यांबरोबरच आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत आणणे, ही मागणीही होती. स्वतःचा अपमान ओळखलेल्या माणसाला दुसऱ्याचा अपमानही दिसू लागतो, तो असा.

२१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला. लोकांनी गेटवेपाशी नाविकांसाठी खाद्यपदार्थ नेऊन दिले. २२ ला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार रस्त्यावर आले. लष्कराने गोळ्या चालवल्या. दोनशेहून अधिक माणसे मेली. परळला कमल दोंदे पडल्या. मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी मात्र शरण जाण्याचा सल्ला दिला. सूड घेतला जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील, असे आश्वासन सरदार पटेलांनी दिले. २३ च्या सकाळी नाविकांनी काळे निशाण वर केले.

पुढे न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. वंशभेदाची वागणूक हे असंतोषाचे एक खरे कारण होते, हे त्याने मान्य केले. म्हणजे तक्रार खरी ठरली. तक्रारदारांचे काय झाले? शेकडो जण मुलुंडसारख्या छावण्यांत कोंडले गेले आणि ४७६ जणांना नोकरी गमवावी लागली. इंग्रज गेले, झेंडा बदलला. पण स्वतंत्र भारताच्या आरमारात त्यांना पुन्हा जागा मिळाली नाही. दत्त वर्तमानपत्रात नोकरीला लागले. फार वर्षांनी कुलाब्यात स्मारक उभे राहिले. स्मारकाला हजेरीपट नसतो, पगारपत्रक नसते. माणसाला जिवंतपणी कामावर घेण्यापेक्षा पुतळा करणे राज्याला सोपे जाते.

हा दोष एका साम्राज्याचा म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्यातील जेफ्री स्टर्लिंग या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने २००१ साली वंशभेदाचा दावा लावला. दावा चालवला तर राज्याची गुपिते उघडी पडतील, या सबबीवर तो काढून टाकण्यात आला. २००५ साली वरच्या न्यायालयानेही तेच कायम केले. खरे-खोटे तपासलेच गेले नाही. पुढे २०१५ साली, गुपिते पत्रकाराला दिल्याच्या वेगळ्या खटल्यात, त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. हा आरोप त्याने नाकारला होता. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गुप्तवार्ता संघटनांतल्या नोकरांना कामगार संघटनेत जाण्यास आणि वृत्तपत्रांशी बोलण्यास बंदी आहे. देशाची गुपिते राखली पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण शिवी हे देशाचे गुपित नव्हे. रोखलेली बढती हे देशाचे गुपित नव्हे. जेथे संघटना करू द्यायची नाही, तेथे साहेबाच्या हाताबाहेरचा, तक्रार ऐकणारा न्यायाधीश राज्याने दिलाच पाहिजे. दोन्ही नाकारायचे आणि शिस्तीची अपेक्षा करायची, हा व्यवहार एकतर्फी आहे.

१९४६ साली आपले हे शहर निजामाच्या संस्थानात होते. येथेही तक्रार म्हणजे राजद्रोह, हा अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांनी घेतला. १९४८ च्या १७ सप्टेंबरला तो राजा गेला. राजे जातात, नियमांची पुस्तके मागे राहतात. म्हणून कोणत्याही खात्याची परीक्षा करायची तर त्याची शिस्त, संचलन, पदके पाहू नका. तेथल्या सर्वांत खालच्या माणसाने सर्वांत वरच्या माणसाविरुद्ध अर्ज लिहिला, तर तो अर्ज कोणाच्या टेबलावर जातो आणि महिन्याभराने अर्जदार कोठे असतो, एवढे विचारा. 'तलवार'च्या चौदा जणांनी हाच प्रश्न विचारला होता.