वर्षभराचं तिखट करताय? लाल मिरची घेताना हे बघा

मुक्ताईनगर : उन्हाळा लागला की तालुक्यात घरोघरी तिखटाची तयारी सुरू होते. भरताला हिरवी मिरची, शेवभाजीच्या काळ्या मसाल्याला लाल. खान्देशात लाल मिरचीचा मोठा बाजार नंदुरबारचा. तिथं व्यापारी ओली लाल मिरची घेऊन पथारीवर वाळवतात. त्यात अवकाळी पाऊस आला की माल भिजतो अन् बुरशी धरते.

म्हणून घेताना मूठभर मिरची हलवून बघा. आतलं बी खडखड वाजलं तर वाळलेली समजा. दोन-चार मिरच्या फोडूनही बघा. आत काळपट-करडी बुरशी दिसली तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि घरी भाजून-दळून ते पूर्ण जात नाही.

नुसत्या रंगावर जाऊ नका. बेडगी लालभडक पण तिखट कमी, लवंगी बारीक पण जाळ. दोन्ही मिसळल्या तर बरं पडतं.

तिखटपणा बियांत असतो असं आपण समजतो. खरा तो आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, कॅप्सेसिनमुळे. ते पाण्यात नीट विरघळत नाही. त्यामुळे मिरची कांडून हात जळजळले तर आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. तोंड भाजलं तर दूध नाहीतर दही घ्या.

एवढी आपली वाटणारी मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी इकडे आणलेली. त्याआधी तिखटाला मिरी अन् पिंपळीच होती.