पेशवाईंतील पुण्यांत घर : बांधलेलें, विकत घेतलेलें व सामाईक

जुन्या पुण्याविषयीं लिहावयास बसलेला लेखक बहुधा शनिवारवाड्यापासून आरंभ करतो, आणि तेथून विश्रामबागेपर्यंत येऊन थांबतो. त्यामुळें वाचकाचा असा समज होतो कीं, पेशवाईंत ज्यास घर पाहिजे होतें त्यानें जागा मिळविली, मुहूर्त पाहिला आणि वाडा उभारला. आम्ही स्वतःही पुष्कळ दिवस याच समजुतींत होतों. परंतु घरोघरच्या दप्तरांतील रुमाल सोडून पाहूं लागलें म्हणजे इमारतीच्या खर्चाच्या याद्या थोड्या, आणि खरेदीखतें, गहाणखतें व वाटणीपत्रें फार, असें आढळतें. म्हणजे घर बांधणारा एक, तर बांधलेलें घर घेणारे, गहाण ठेवून घेणारे किंवा दुसऱ्याच्या भिंतीस भिंत लावून राहणारे अनेक. यांपैकीं कोणता मार्ग कोणीं व कां पत्करला, याचा विचार झालेला आमच्या फारसा पाहण्यांत नाहीं. म्हणून हा प्रयत्न.

प्रथम खुद्द पेशव्यांचेंच उदाहरण घेऊं. बाळाजी विश्वनाथ यांचें बिऱ्हाड सासवडास होतें व तेथेंच ते १७२० त वारले. बाजीरावांनीं पुण्यास मुक्काम हलविला तेव्हां ते आरंभीं कसब्यांत धडफळे यांच्या वाड्यांत राहत. पेशवाईचीं वस्त्रें मिळून कित्येक वर्षें लोटलीं तरी राज्याच्या मुख्य प्रधानास पुण्यांत स्वतःचें घर नव्हतें, ही गोष्ट लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. शनिवारवाड्याचा पाया माघ शुद्ध ३ शके १६५१ रोजीं घातला व वास्तुशांत माघ शुद्ध ७ शके १६५३, म्हणजे रथसप्तमीस झाली. या तिथींबद्दल १० जानेवारी १७३० व २२ जानेवारी १७३२ अशा तारखा सर्वत्र छापल्या जातात. त्या इंग्रजांच्या जुन्या पद्धतीच्या आहेत, हें बहुतेक लेखक सांगत नाहींत. नव्या पद्धतीनें त्या अनुक्रमें २१ जानेवारी व २ फेब्रुवारी होतात, आणि शनिवार जुळतो तो याच हिशेबानें. नव्या पद्धतीच्या पंचांगांत १० जानेवारी १७३० पाहिल्यास मंगळवार येतो, व मग वाड्याच्या नांवाविषयीं नसत्या शंका निघतात.

या वाड्यास खर्च १६,११० रुपये आला असें सांगतात. हा आंकडा वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. कारण पुढें दुसऱ्या बाजीरावांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बांधलेल्या विश्रामबागवाड्यास सुमारें दोन लाख लागल्याचें प्रसिद्ध आहे. परंतु येथें दोन भिन्न वस्तूंची तुलना होते. १७३२ सालचा वाडा आज डोळ्यांपुढें येतो तो नव्हे. तट, बुरूज, मजले, हौद, कारंजीं यांची भर पुढील दोन तीन पिढ्यांनीं घातली. बांधलेल्या घराचा हा पहिला धर्म आहे कीं तें कधीं बांधून पुरें होत नाहीं. वास्तुशांत झाली म्हणून कारकून खर्चाची यादी बंद करतो. गवंडी व सुतार मात्र पुढल्या वर्षीं पुन्हां येतात.

मग बांधण्याची हौस कोणास? ज्याच्या पदरीं माणसें पुष्कळ, पागा आहे, पंगती उठतात, आल्यागेल्यास उतरावयास सोपा पाहिजे, त्यास. अशास दुसऱ्याचें तयार घर पुरत नसे. दगडी जोतें, त्यावर वीट वा पांढरी मातीची भिंत, सागवानी खांब व तुळया, वर कडीपाट. पहिला चौक कचेरीस, दुसरा माजघरास, मागें परसू व आड. असें खणाखणांनीं मोजून त्यास घर करवावें लागे. खण हें येथें निव्वळ मोजण्याचें परिमाण नव्हे. घराची योग्यता, किंमत व वाटणी हीं तिन्ही खणांवर ठरत. नव्या पेठा वसविण्याचा काळ अशा लोकांस अनुकूल होता. पेठ वसविणारास शेटेपण, महाजनकी वगैरे वतन मिळे व तेथें येऊन राहणाऱ्यांस कांहीं वर्षें कर माफीचा कौल मिळे. सदाशिव, नारायण, रास्ते, नाना या पेठा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत भरल्या त्या या रीतीनें. शिवाय नानासाहेबांच्या वेळीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें, त्यामुळें आडाच्या पाण्यावरच घराची जागा ठरविण्याचें कारण कांहीं अंशीं कमी झालें.

तथापि सर्वांत मोठ्या सरदारांसही पुण्यांत वाड्याची निकड वाटेच असें नाहीं. महादजी शिंदे १७९४ त वारले ते वानवडीस आपल्या छावणींत. ज्याचें खरें घर लष्करांत, त्यानें चौसोपी वाड्याचा मोह कां धरावा?

आतां विकत घेण्याचा मार्ग. हा मध्यम प्रतीच्या माणसाचा, म्हणजे कारकून, सावकार, वैद्य, भिक्षुक व नोकरींत स्थिर झालेला शिलेदार यांचा. तयार घर घेतल्यानें लाकडाची व चुन्याची यातायात वाचे आणि पावसाळ्यापूर्वीं डोक्यावर छप्पर येई. पण घेणाराची खरी अडचण पैक्याची नव्हती. विकणाराच्या मालकीची होती. मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत पुत्रांचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो आणि अविभक्त भाऊबंदांच्या संमतीवांचून एकट्यानें केलेली विक्री टिकत नाहीं. एका भावानें घर विकावें आणि दहा वर्षांनीं परमुलखांतून आलेल्या दुसऱ्यानें दारांत उभें राहून हिस्सा मागावा, हें भय घेणारास नित्य असे. खरेदीखताची जी भाषा आज आपणांस पाल्हाळिक वाटते ती या भयांतून निघालेली आहे. आत्मसंतोषें दिलें, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें अनुभवावें, भाऊबंद कोणी उभा राहिल्यास त्याचें निवारण आम्हीं करावें, हीं वाक्यें मसुदेकाराच्या संवयीचीं नव्हेत. त्यांतील प्रत्येक वाक्यामागें कोणाचा तरी बुडालेला पैका आहे. साक्षींत भाऊबंदांचीं व शेजाऱ्यांचीं नांवें आहेत कीं नुसतीं ओळखीच्या लोकांचीं, हें म्हणून आधीं पाहावें. पुण्यांत कोतवालीची व्यवस्था लागल्यावर जागाघरांच्या खरेदीविक्रीवर व घरांच्या तंट्यांवर नजर ठेवणें हें कोतवालाच्या कामांपैकीं एक होतें. सबब कोतवालीचा संबंध ज्या कागदांत दिसतो तो कागद केवळ खासगी कागदापेक्षां बळकट मानावा.

खरेदी आणि भाडें यांच्या मध्यें आणखी एक वाट होती, ती गहाणाची. धनकोनें रुपये द्यावे, ऋणकोनें घर ताब्यांत द्यावें. रुपयांस व्याज नाहीं, घरास भाडें नाहीं. ठरल्या मुदतींत मुद्दल न फिटल्यास हेंच खरेदीखत समजावें, अशी अटही कित्येक कागदांत असते. एखादें घराणें एका वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलें, पण त्या दप्तरांत खरेदीखत मिळत नाहीं, अशा वेळीं कागद हरवला असें म्हणण्याची घाई करूं नये. तें घर कधीं विकत घेतलेंच नसेल. तें सुटलें नाहीं म्हणून राहिलें असेल.

या सर्व विचारांत एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते, ती पुण्याच्या असुरक्षिततेची. १७६३ त निजामअल्लीनें पुणें लुटलें. खंडणी भरून जीं सोडविलीं गेलीं नाहींत तीं घरें पाडलीं किंवा जाळलीं गेलीं, असें ग्रांट डफानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे. पुढें १८०२ च्या आक्टोबरांत हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांच्या हातीं शहर सांपडलें. ज्यानें नुकताच कर्ज काढून वाडा बांधला होता त्याची स्थिति अशा वेळीं काय झाली असेल, याची कल्पना करावी. जो बिऱ्हाडकरू होता त्यानें भांडींकुंडीं बैलावर घालून कोंकणाचा रस्ता धरला. ज्याचा वाडा होता त्यास खंडणी द्यावी कीं वाडा द्यावा, हा प्रश्न पडला. त्यांत सरकारची इतराजी झाल्यास वाड्यावर चौकी बसे ती निराळीच. एवढ्यासाठीं पुष्कळ शहाण्या कारकुनांनीं पुण्यांत दुसऱ्याच्या वाड्यांत दोन खण घेऊन दिवस काढले व शिल्लक राहिली ती गांवचें घर व ठिकाण वाढविण्यांत घातली. त्यांस कंजूष ठरविणाऱ्या आख्यायिका पुष्कळ आहेत. आमच्या मतें ते दूरदर्शी होते.

तिसरा मार्ग सामाईक भिंतीचा. येथें प्रतिष्ठित वाडे सोडून आळ्यांकडे वळावें. कसब्यांतील तांबट आळी, तशीच बुरूड आळी, शिंपी आळी. येथें घराला घर लागलेलें, पुढें धंद्याची जागा व मागें किंवा वर संसार. तांबटास चौक व दिवाणखाना नको होता. त्यास ठोक्याचा आवाज सोसणारा शेजार हवा होता, आणि तो शेजार दुसऱ्या तांबटाखेरीज कोणाचा असणार? अशा घरांत जागा थोडी लागे, एक भिंत दोघांच्या खर्चानें उभी राही व चोराचें भय कमी होई. त्याचा मोबदला तंट्यांत द्यावा लागे. तुळईचें टोंक सामाईक भिंतींत किती शिरावें, शेजाऱ्याच्या अंगणावर खिडकी पाडावी कीं नाहीं, भिंत पडल्यास कोणीं बांधावी, आणि विशेषतः पागोळी कोणाच्या जागेंत पडावी, या प्रश्नांनीं माणसांनीं अर्धें आयुष्य खर्च केलें आहे. वळचणीखालची हातभर जमीन ज्याची ठरे त्याची पुढें भिंत सरके. म्हणून पागोळीचा तंटा हा पाण्याचा नसून सीमेचा असतो, हें असे निवाडे वाचतांना ध्यानांत धरावें.

मोठ्या वाड्यांसही अखेर हीच गति आली. आजोबांनीं बांधलेला वाडा नातवांच्या वाटणींत खणाखणांनीं तुटे. देवघर एकाकडे जाई, विहीर व दिंडी सामाईक राही. मग त्यांतील एक हिस्सा परका विकत घेई. असा हिस्सा स्वस्त पडे, पण घेणारा घराबरोबर चार भावांचें भांडणही घेऊन जाई. म्हणजे जें बांधलेलें तें विकत घेतलेलें झालें आणि विकत घेतलेलें तें सामाईक झालें. एकाच वास्तूच्या रुमालांत हे तिन्ही प्रकारचे कागद एकाखालीं एक मिळूं शकतात, व ‘अमक्यांचा वाडा’ हें नांव त्यांतील कोणत्या पिढीचें, हें कागद क्रमानें लावल्यावांचून ठरत नाहीं. दारावरच्या गणेशपट्टीवरून बांधणाराचें नांव सांगण्याची जी चाल पडली आहे ती सोडून दिलेली बरी.

संग्राहक मित्रांशीं आमचें जें भांडण आहे तें येथेंच. रुमाल हातीं आला म्हणजे त्यांतून पेशव्यांचा शिक्का, नानांचें हस्ताक्षर, एखाद्या मोहिमेचें पत्र एवढें उचललें जातें, आणि घराचे कागद किरकोळ म्हणून बाजूस पडतात. आम्हीं एके ठिकाणीं वाटणीपत्राच्या बंदाचा वरचा भाग, त्यावर शिक्का होता म्हणून, कातरून चौकटींत लावलेला पाहिला. खालचा भाग, ज्यांत खणांची वाटणी असावयाची, तो कोठें गेला हें घरधन्यास सांगतां येईना. तो संग्राहक सज्जन व विद्याव्यासंगी होता, म्हणूनच वाईट वाटलें. ना. गो. चापेकरांनीं ‘पेशवाईच्या सावलींत’ (१९३७) या ग्रंथांत अशाच किरकोळ मानलेल्या जमाखर्चांतून केवढी माहिती काढली, हें या मंडळींस आम्हीं सांगावयास नको.

कागद जाण्याची कारणें मनुष्याच्या हातचीं थोडीं आहेत काय? १८२८ त शनिवारवाडा जळाला. १८७९ च्या मे महिन्यांत बुधवारवाडा भस्म झाला व विश्रामबागेस मोठी झळ लागली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतील वाडे दप्तरांसह बसले. भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं जेथल्या तेथें राहिलीं, मालकांस डागडुजी परवडेना, आणि अलीकडे वाड्यामागून वाडा उतरून तेथें सदनिकांच्या इमारती उठत आहेत. सदनिका म्हणजे तरी काय? सामाईक भिंत, सामाईक जिना व सामाईक पाणी. तंटेही बहुधा तेच असतील. त्यांचे कागद मात्र मोडींत नसतील.

घरकागदांचा उपयोग कसा करावा याविषयीं एक सूचना करितों. प्रत्येक खरेदीखतांत चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस बोळ. एका कागदांतून मालकाखेरीज दोन तीन शेजारी मिळतात; त्या शेजाऱ्यांचे कागद मिळाले कीं त्यांच्या चतुःसीमेंत पहिला मालक उलट दिशेस सांपडतो. असे आठदहा कागद जुळले तर त्या सालची आळी कागदावर मांडतां येते, आणि कोणाचें घर बांधलेलें, कोणाचें घेतलेलें, कोण कोणाच्या भिंतीस टेकला होता, हें नकाशावर दिसूं लागतें. मात्र काळ नीट काढला पाहिजे. कागदांत शक असेल तर अडचण नाहीं. सुहूर सन असल्यास त्यांत ५९९ किंवा, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांकरितां, ६०० मिळवावे. उदाहरणार्थ सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३०, हा सन मृगाच्या सुमारास १७२९ त लागून १७३० त संपतो. शनिवारवाड्याचा पाया याच सनांतला.

आम्हीं हा प्रयोग कसब्यापासून करावयाचें योजिलें आहे. ज्यांच्या संग्रहीं कसबे पुणें येथील घरांचीं खरेदीखतें, गहाणखतें, वाटणीपत्रें किंवा पागोळीचे निवाडे असतील त्यांनीं मूळ कागद आपल्यापाशींच ठेवून नकला पाठवाव्या. नकलेंत मिती, चतुःसीमा, खणांची संख्या व साक्षीदारांचीं नांवें मुळांतील क्रमानेंच उतरावीं, आणि बंदाचा कांहीं भाग फाटला वा कातरला असल्यास तसें स्पष्ट लिहावें.